फोन ४१२ रुपयांना गेला, मग ४१ हजार कुणी भरले? पेनी ऑक्शनचं गणित

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी ही या भागाची ट्रान्सक्रिप्ट. बोलताना झालेली 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली'ची गर्दी थोडी कमी केली आहे, बाकी मजकूर तोच. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत असतील तर त्याचं कारण असं की हा भाग मी स्टुडिओत नाही, सूरजागडच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीमागे बसून रेकॉर्ड केलाय.

सूरजागड म्हणजे गडचिरोली जिल्हा, एटापल्ली तालुका. लोहखनिजाचा डोंगर, त्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं, आणि खाली रस्त्यावर खनिज नेणाऱ्या ट्रकांची रांग. ट्रकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी मी काही आठवडे इकडे आहे. काम संध्याकाळी संपतं. मग टपरी.

तर झालं असं की त्या टपरीवर रोज भेटणारा एक ड्रायव्हर आहे. वय असेल चोवीस-पंचवीस, एटापल्ली तालुक्यातल्याच एका गावचा. मी 'कम्प्युटरवाला' आहे हे त्याला कळल्यावर तो एक दिवस फोन घेऊन आला आणि म्हणाला, "सर, हे ॲप पाहा बरं. पंधरा हजाराचा फोन चारशे बारा रुपयात गेला. मी तीन हजार टाकून बसलो, चौदा कॉइन राहिले. आता आणखी पाचशे टाकू का नको, तेवढं सांगा."

मी स्क्रीन पाहिली आणि पोटात खड्डा पडला. कारण हा खेळ मला माहीत होता. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर आम्ही चौघांनी मिळून अशाच एका साइटवर हार्ड डिस्कसाठी २४०० रुपये घालवले होते. एकदा मी जिंकलोसुद्धा. ३०० रुपयांचा पेन ड्राइव्ह, 'फक्त १८ रुपयांत'. त्यासाठी माझे ६१० रुपयांचे बिड खर्च झाले होते, हे मी मित्रांना सांगितलं नव्हतं.

आजचा भाग त्या ड्रायव्हरच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आणखी पाचशे टाकायचे की नाही?

हा लिलाव चालतो कसा

याला पेनी ऑक्शन म्हणतात. पेनी म्हणजे छोटं नाणं, आपल्याकडे पैसा म्हणा. वस्तूचा भाव शून्यापासून सुरू होतो. तुम्ही बटण दाबलं की भाव अगदी थोडा वाढतो, त्याच्या ॲपमध्ये १० पैसे. आणि घड्याळ पुन्हा १० सेकंदांवर येतं. घड्याळ शून्यावर पोचलं तेव्हा ज्याची बोली शेवटची असेल तो जिंकला. मग त्यानं वस्तूचा तो छोटासा भाव भरायचा आणि वस्तू न्यायची.

आता खरी गोम. बटण फुकट दाबता येत नाही. त्यासाठी आधी कॉइन विकत घ्यावे लागतात. त्याच्या ॲपमध्ये ५०० रुपयांना ५० कॉइन. म्हणजे एक बोली १० रुपयांची. जिंका किंवा हरा, ते १० रुपये गेले.

गणित करून बघू. त्यानं मला दाखवलेला फोन ४१२ रुपये ५० पैशांना गेला होता. प्रत्येक बोलीला भाव १० पैसे वाढतो, म्हणजे एकूण बोल्या झाल्या ४१२५. प्रत्येक बोलीचे १० रुपये, म्हणजे ४१,२५० रुपये. वर जिंकणाऱ्यानं भरलेले ४१२.५०. एकूण जमा ४१,६६२ रुपये ५० पैसे. फोनची किंमत १५ हजार.

मी हे टपरीवरच्या जुन्या बिलाच्या मागे लिहून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे फोन एकाले गेला, आन् पैसे सगळ्याईचे गेले."

एवढंच. बाकी सगळं याच वाक्याचा तपशील आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ॲपवर विजेत्याचा फोटो असतो, 'फोन ४१२ रुपयांत!' असं लिहिलेलं असतं, आणि ते खरं असू शकतं. समजा त्या माणसानं ३०० कॉइन वापरले. त्याला फोन ३४१२ रुपयांना पडला. तो खूशच असणार. उरलेल्या ३८२५ बोल्या, म्हणजे ३८,२५० रुपये, ज्यांनी भरले त्यांचा फोटो कुठेच लागत नाही. ग्राहकांचे अनुभव म्हणून जे आपल्याला दिसतात ते जिंकणाऱ्यांचे. हरलेला माणूस काय सांगणार? आणि कुणाला?

आपल्याकडचे लिलाव आणि हा लिलाव

त्याला मी विचारलं, "तेंदूचा लिलाव पाहिलाय ना?" तो हसला. त्याची आई दर उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते, पुडे बांधते, फळीवर नेते. गडचिरोलीत पेसा आणि वनहक्क कायद्यामुळे बऱ्याच ग्रामसभा आपल्या हद्दीतल्या तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. ठेकेदार येतात, गोणीमागे भाव बोलतात, ज्याचा भाव चांगला त्याला पत्ता मिळतो. लिलावात उतरायचं तर अनामत भरावी लागते.

"मग ज्याला तेंदू मिळाला नाही, त्याच्या अनामतीचं काय होतं?"

"वापस."

"आणि या ॲपमध्ये?"

त्यानं फोनकडे पाहिलं. "म्हंजे हे तं हारलेल्याची अनामत बी गिळते!"

पेनी ऑक्शन ओळखायची हीच खूण आहे. खऱ्या लिलावात हरणाऱ्याचा वेळ जातो, पैसा जात नाही. ज्या डोंगराखाली आम्ही बसलो होतो तशा डोंगरांचंही तेच. २०१५ मध्ये खाण कायदा बदलल्यापासून लोहखनिजाचे नवे पट्टे लिलावानेच द्यायचे आहेत, आणि ते लिलाव ऑनलाइन होतात. तिथेही शेवटच्या काही मिनिटांत बोली आली तर वेळ वाढते. का? तर कुणी शेवटच्या सेकंदाला चोरटी बोली लावून बाकीच्यांची संधी घालवू नये म्हणून. पण जो हरला त्याची सुरक्षा रक्कम परत मिळते.

पेनी ऑक्शननं तिथली वेळ वाढवायची युक्ती तेवढी उचलली आणि उलटी वापरली. तिथे वेळ वाढते ती योग्य भाव मिळावा म्हणून, इथे वाढते ती तुमचे आणखी १० रुपये जावेत म्हणून.

लिलावाची भिशी घ्या. त्यात जो बोली लावून पैसे आधी उचलतो तो थोडं नुकसान सोसतो, आणि त्याचा फायदा बाकीच्या सभासदांत वाटला जातो. म्हणजे भिशीत न उचलणाऱ्यालाही काहीतरी मिळतं. आणि आपल्या भागातला कोंबडबाजार? तो बेकायदा आहे, पण तिथे पैसे लावणाऱ्याला निदान आपण जुगार खेळतोय हे माहीत असतं. इथे जुगाराला 'शॉपिंग' म्हणतात.

हे आलं कुठून

हा प्रकार जगात मोठा केला तो 'स्वूपो' नावाच्या जर्मन साइटनं. २००५ मध्ये 'टेलिबिड' या नावानं ती सुरू झाली, पुढे अमेरिकेत आणि इतर देशांत पसरली, आणि २०११ मध्ये दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. तोवर तिच्या नकला झाल्या होत्या. 'क्विबिड्स', 'डीलडॅश' ही त्यातली मोठी नावं. त्याच २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं लोकांना सावध करणारी सूचना काढली.

बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ नेड ऑगेनब्लिक यांनी अशा १ लाख ६६ हजार लिलावांची आकडेवारी तपासली. २०१६ मध्ये तो शोधनिबंध छापून आला. त्यांच्या हिशोबाप्रमाणे साइटचा सरासरी नफा ५० टक्क्यांच्या वर होता. म्हणजे १०० रुपयांची वस्तू आणि लोकांनी मिळून भरले १५० पेक्षा जास्त. ४१ हजारांचा तो फोन जास्तच चाललेला लिलाव होता. काही लिलाव लवकर संपतात, तिथे साइटला तोटाही होतो. पण सरासरी साइटच्या बाजूनं.

असं का व्हावं? प्रत्येक बोली म्हणजे १० रुपयांचं एक लॉटरी तिकीट समजा. पुढच्या १० सेकंदांत दुसऱ्या कुणी बटण दाबलं नाही तर तुम्हाला फोन. १५ हजारांच्या फोनसाठी १० रुपये लावणं परवडायचं असेल तर दीड हजारात निदान एक वेळ तरी तसं व्हायला हवं. सगळे लोक थंड डोक्यानं खेळले तर सरासरी फोनच्या किमतीएवढेच पैसे गोळा झाले असते. त्यावर जे ५० टक्के आहेत, ते कुठून येतात?

ते येतात, ऑगेनब्लिक म्हणतात, बुडालेल्या पैशांतून. अर्थशास्त्रात याला सन्क कॉस्ट म्हणतात. आपण म्हणतो, 'हत्ती गेला आणि शेपूट राहिलं'. तीन हजार टाकलेत, आता पाचशेसाठी कशाला थांबायचं?

मार्टिन शुबिक नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ मध्येच एका खेळातून हे दाखवलं होतं. एक डॉलरची नोट लिलावात काढायची. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला नोट, पण दुसऱ्या नंबरवाल्यानंही आपली बोली भरायची. मग ९५ सेंट बोललेला माणूस १ डॉलर बोलणाऱ्यापुढे हरायला तयार होत नाही, १ डॉलर ५ सेंट बोलतो. एका डॉलरसाठी एका डॉलरहून जास्त. आता नोट जिंकायचा प्रश्न राहिलेलाच नसतो, फक्त हरायचं नसतं.

स्क्रीनच्या मागे काय असतं

आता माझ्या धंद्यातल्या तीन गोष्टी.

पहिली, घड्याळ. तुमच्या फोनवर दिसणारं घड्याळ लिलावाचं घड्याळ नसतं. खरं घड्याळ सर्व्हरवर. तुमच्या फोनवर '१' दिसताना तिकडे कदाचित शून्य झालेलं असतं. मी त्याच टपरीवरून माझ्या फोनचं नेटवर्क तपासलं. सर्व्हरला निरोप जाऊन परत यायला कधी १५० मिलिसेकंद, कधी ४ सेकंद. १० सेकंदांच्या घड्याळात ४ सेकंद! पुण्यात फायबरवर बसलेला आणि डोंगराखाली एका कांडीवर बसलेला, दोघं एकच तिकीट घेतात, पण दोघांचं तिकीट सारखं नसतं.

दुसरी, ऑटो-बिड. स्वूपोवर त्याला 'बिडबटलर' म्हणायचे. तुम्ही ५० कॉइन सोपवून झोपायचं, प्रोग्रॅम तुमच्या वतीनं बोली लावत राहतो. ऐकायला सोय वाटते. पण समोरच्यानंही तेच लावलं असेल तर? दोन प्रोग्रॅम एकमेकांशी भांडतात आणि सकाळी दोघांचे कॉइन संपलेले असतात.

तिसरी, नकली बोलीवाले. साइटनं स्वतःच पाच-पन्नास खोटी खाती बनवून घड्याळ संपायच्या आधी बोली लावायची, एवढा कोड कॉलेजातला पोरगाही एका दुपारी लिहील. सगळ्याच साइट तसं करतात असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की करत असतील तर ते तुम्हाला स्क्रीनवरून कधीच कळणार नाही. समोर 'राजू_९२' लिहिलेलं दिसतं. तो राजू आहे की प्रोग्रॅमची एक ओळ, हे कसं ठरवणार?

आणि हो, फसवणूक नसली तरी गणित तेच राहतं, हे विसरू नका. लोक विचारतात 'साइट जेन्युइन आहे का?' जेन्युइन असली तरी सरासरी तुम्ही हरणारच.

काही साइट 'बाय नाऊ' देतात. म्हणजे हरलात तर घालवलेल्या बोल्यांचे पैसे वजा करून वस्तू विकत घ्या. हे त्यातल्या त्यात बरं. पण आधी दोन गोष्टी बघा: साइटनं लावलेली किंमत बाजारभावाएवढी आहे का, आणि ती वस्तू तुम्हाला त्या किमतीला खरंच घ्यायची होती का. तीन हजार वाचवायला बारा हजार भरणं, ही पुन्हा शेपटाचीच गोष्ट.

शेवटी 'रेफर करा, कमवा'. त्याला हे ॲप व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकमधूनच मिळालं होतं. अमेरिकेत 'झीकलर' नावाची पेनी ऑक्शन साइट होती, तिच्या जोडीला 'झीक रिवॉर्ड्स' ही गुंतवणूक योजना. लिलावातून नफा होतो आणि तो तुम्हाला वाटतो, असं सांगायचे. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकानं ती बंद पाडली. ६० कोटी डॉलरची पॉन्झी योजना, आणि वाटलेल्या 'नफ्या'तला जवळजवळ ९८ टक्के पैसा नव्या लोकांनी भरलेला. लिलाव फक्त दुकानाची पाटी होती.

पैसे गेलेच असतील तर

आधी पुरावे. कॉइन खरेदीचे यूपीआय व्यवहार, लिलावाचे स्क्रीनशॉट, ॲपच्या अटी, लिंक पाठवणाऱ्याचा मेसेज. ॲप डिलीट करायच्या आधी हे सगळं काढून ठेवा. राग आला की लोक आधी डिलीट करतात, मग हातात काहीच उरत नाही.

सरळ फसवणूक असेल, म्हणजे जिंकूनही वस्तू आली नाही, खात्यातून परस्पर पैसे गेले, तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा हेल्पलाइन नंबर. लवकर केलात तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

दिशाभूल असेल तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत, आणि पहिलाच प्रकार आहे खोटी घाई. 'फक्त ३ मिनिटं उरली' असं खोटंच दाखवून खरेदी करायला लावणं यात येतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते. कंपनी बंगळुरूची असली तरी एटापल्लीच्या माणसाला गडचिरोलीत तक्रार करता येते, आणि ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झालाय. त्यामुळे 'आम्ही खेळ नाही, लिलाव आहोत' असं मोठ्यानं सांगणारं ॲप दिसलं, तर ते असं का सांगतंय याचा विचार करा.

मग पाचशेचं काय झालं

मी त्याला 'नको' म्हणालो. कारण सांगितलं ते असं: त्या घड्याळाला तुमचं नाव माहीत नाही. तुम्ही आधी २८६ कॉइन घालवलेत की एकही नाही, पुढच्या बोलीची शक्यता तेवढीच. ते २८६ पुढच्या बोलीला कसलीही मदत करत नाहीत.

तो म्हणाला, "पण हे चौदा तं माझेच होय न?" बरोबर होतं. ते पैसे आधीच गेलेले. मी म्हटलं, "वापरा, पण मी लिहून घेतो."

फोनचाच लिलाव चालू होता, दुपारी सुरू झालेला. भाव २९१ रुपये ४० पैसे. त्यानं बटण दाबायला सुरुवात केली. दरवेळी घड्याळ दोनवर, एकवर यायचं आणि कुणीतरी दाबायचं. नऊ मिनिटांत त्याचे चौदाही संपले. भाव होता २९८ रुपये १० पैसे. म्हणजे ६७ बोल्या, त्यातल्या १४ त्याच्या, ५३ दुसऱ्यांच्या. नऊ मिनिटांत ६७० रुपये. फोन अजून कुणाचाच नव्हता.

स्क्रीनवर लगेच पाटी आली: 'तुम्ही जिंकण्याच्या अगदी जवळ होता! ५०० चा पॅक घ्या.'

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बिलामागचं गणित पुन्हा पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही टपरीवरूनच १९१५ ला फोन लावला, तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. येतील अशी खात्री मी त्याला दिलेली नाही, तुम्हालाही देत नाही.

पण काल रांगेत दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या फोनवर तेच ॲप दिसलं, तेव्हा मी बोलायच्या आधीच आपला गडी त्याला विचारत होता, "हारला तं अनामत वापस भेटते का रे? नाही न? मंग हा लिलाव नोहे."

माझ्या तासाभराच्या एपिसोडपेक्षा ते बरं होतं. तुमच्या ओळखीत कुणी कॉइन घेऊन बसलं असेल तर त्यालाही हा एकच प्रश्न विचारा. भेटू पुढच्या भागात.